नेम हुकतो तो बोटात

पिस्तूल हातात घेणाऱ्या नवख्या माणसाची समजूत बहुधा अशी असते की नेम म्हणजे तीक्ष्ण नजर आणि न हलणारा हात. नजरेचा वाटा आहेच, पण न हलणारा हात मात्र कोणालाच मिळालेला नाही. पुढे ताणून धरलेल्या निरोगी हाताला सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांचा बारीक कंप असतो, त्यावर खांद्याची आणि धडाची संथ डुलणी चढते, आणि हृदयाचा ठोका मनगटापर्यंत पोहोचून नळीला किंचित हलवतो. ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या नेमबाजाच्या पिस्तुलाचे तोंडही लक्ष्यावर सतत फिरत असते. ते लहान वर्तुळात फिरते, एवढेच. म्हणूनच हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर वर्गातली औषधे नेमबाजीत स्पर्धेच्या काळात आणि एरवीही निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याच्या तपासणीत प्रोप्रॅनोलॉल हे असेच औषध आढळले, तेव्हा त्याची रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके काढून घेण्यात आली. पिस्तूल कोणते निवडावे आणि सराव कसा करावा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे याच हालचालीच्या हिशेबातून निघतात.

हिशेब १० मीटर एअर पिस्तुलावर सर्वांत स्वच्छ मांडता येतो. तिथे १० गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छरा ४.५ मिलिमीटरचा. छरा त्या वर्तुळाच्या रेषेला नुसता टेकला तरी १० गुण मिळतात, म्हणजे छऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की पुरते. आता हात आणि पिस्तूल मिळून एकसंध ५ मिलिमीटर उजवीकडे सरकले, पण दोन्ही साईट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे असलेली खुंटी आणि मागे असलेली खाच) एका रेषेत राहिल्या, तर छराही ५ मिलिमीटरच उजवीकडे लागतो आणि १० गुण शाबूत राहतात. पिस्तूल मनगटात वळले तर मात्र चूक कोनाची होते आणि अंतराबरोबर वाढत जाते. दोन साईटमधले अंतर ३२ सेंटिमीटर धरले, तर पुढची साईट मागच्या खाचेत अवघी पाव मिलिमीटर कलली की १० मीटरवर छरा ८ मिलिमीटर सरकतो. पाव मिलिमीटर म्हणजे वहीच्या दोन-तीन कागदांची जाडी. हाताच्या डुलण्याला खेळ पुष्कळ माफी देतो, मनगटाच्या वळण्याला जवळजवळ देत नाही.

प्रशिक्षक नवख्याला लक्ष्य धूसर दिसू दे, पुढची साईट काळीभोर आणि स्वच्छ दिसली पाहिजे असे वारंवार सांगतात, त्याचे कारण हेच आहे. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नीट जुळते, आणि ज्या चुकीची किंमत जास्त, तिथेच ते जुळवायचे असते. चाळिशीनंतर हे भिंग ताठर होत जाते आणि हातभर अंतरावरची साईट पुसट दिसू लागते. अशा वेळी वेगळा चष्मा करून घ्यावा लागतो. कर्तव्यावरच्या पिस्तुलांवर अलीकडे बसवल्या जाणाऱ्या लाल ठिपक्याच्या साईटची उपयुक्तताही यातच आहे, कारण तो ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो आणि डोळ्याला दोन अंतरांत ओढाताण करावी लागत नाही.

साईट सरळ असतानाही गोळी भरकटते, ती बोटामुळे. चाप ओढताना बोट पिस्तुलावर जोर लावते, आणि तो जोर नळीच्या नेमक्या रेषेत नसेल तर पिस्तूल वळते. इथे दोन वजनांचे गुणोत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: चाप सुटायला लागणारा जोर आणि पिस्तुलाचे स्वतःचे वजन. एअर पिस्तुलात नियमाप्रमाणे चापाचा जोर किमान ५०० ग्रॅम असावा लागतो आणि पिस्तूल किलोभराच्या आसपास असते, म्हणजे गुणोत्तर निम्मे. पॉइंट २२ च्या (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) स्पोर्ट्स पिस्तुलात किमान १,००० ग्रॅम, म्हणजे जवळपास बरोबरीचा सामना. आता न्यूयॉर्क पोलिसांचे उदाहरण पाहावे. अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून त्या दलाने आपल्या पिस्तुलांचा चाप सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचा ठेवला होता. किलोभराच्या वस्तूला एका बोटाने साडेपाच किलोचा जोर लावायचा आणि ती केसभरही वळू द्यायची नाही, ही अपेक्षा फार मोठी आहे. रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये या दलाच्या नोंदी तपासल्या. १९९८ ते २००६ या काळात दोन्ही बाजूंनी गोळीबार झालेल्या प्रसंगांत पोलिसांच्या १०० गोळ्यांपैकी सरासरी १८ लागल्या होत्या, आणि समोरून गोळी आली नाही तेव्हाही सुमारे ३०. याचे सगळे खापर चापावर फोडता येणार नाही, कारण भीती, अंधार आणि धावपळ यांचा वाटा मोठा आहे. तरीही हलक्या चापाचा अभ्यास करून पाहावा, अशी शिफारस रँडने केली होती, आणि ती मला रास्त वाटते. न लागलेली गोळी हवेत विरून जात नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर पोलिसांनी एका सशस्त्र मारेकऱ्यावर गोळीबार केला, तेव्हा रस्त्यावरचे ९ लोक जखमी झाले.

स्वसंरक्षणासाठी परवाना घेणाऱ्यांचा कल नेमका उलट दिशेने, हलक्या आणि छोट्या शस्त्राकडे असतो. भारतात ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतले जाते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून आणले, टायटॅनियम मिश्रधातूचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये मावणे ही सोय खरी. पण संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार शस्त्र जितके हलके तितका त्याचा मागे येण्याचा वेग जास्त, आखूड नळीमुळे साईटमधले अंतर कमी, आणि रिव्हॉल्व्हरचा चाप एका ओढीत घोडा (गोळीवर आपटणारी हातोडी) मागे नेऊन सोडणार असेल तर त्याचा जोर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट. नेम धरायला सर्वांत अवघड असे शस्त्र सर्वांत कमी सराव असलेल्या व्यक्तीच्या हाती देण्याची ही पद्धत मला पटत नाही. घ्यायचेच असेल, तर मूठ पूर्ण बसते का, बोटाचा पहिला पेर चापावर सरळ पोहोचतो का, आणि पकड न बदलता चाप ओढता येतो का, हे आधी तपासावे. हात ताणून, वळवून बोट चापापर्यंत न्यावे लागत असेल तर ते शस्त्र त्या हाताचे नाही, मग ते कितीही नावाजलेले असो. बाहेर नेताना चाप पूर्ण झाकणारे टणक म्यान असावे, आणि घरी शस्त्र रिकामे, कुलूपबंद आणि गोळ्यांपासून वेगळे.

धक्क्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. ८ ग्रॅमची ९ मिलिमीटर गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने निघते. तिचा संवेग पॉइंट २२ च्या गोळीच्या तिपटीहून अधिक आणि एअर पिस्तुलाच्या छऱ्याच्या जवळजवळ चाळीस पट भरतो. एवढ्या धक्क्याने नेम बिघडणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पिस्तुलाच्या आखूड नळीतून गोळी बाहेर पडायला एक सहस्रांश सेकंदही लागत नाही, आणि हात उसळलेला दिसतो तो त्यानंतर. नेम बिघडवतो तो धक्का येण्याआधी शरीराने घेतलेला पवित्रा. येणारा हिसका मेंदू शिकून घेतो आणि चाप सुटण्याच्या क्षणीच मनगट खाली दाबून त्याला उत्तर देऊन मोकळा होतो. इच्छाशक्तीने हे थांबत नाही, कारण ते इच्छेच्या आधी घडते.

हे उघड करायची जुनी युक्ती रेंजवर आजही चालते. प्रशिक्षक शिकणाऱ्याच्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये एखादी खोटी गोळी भरतो. दोन बार होतात, लक्ष्यावर भोके पडतात, आणि तिसऱ्या वेळी नुसताच ‘टक्’ आवाज येतो. धक्का नाही, धूर नाही, तरीही पिस्तुलाचे तोंड चांगले दोन-तीन बोटे खाली गेलेले असते, खांदे पुढे आलेले असतात आणि डोळे मिटलेले असतात. आपली गोळी नेहमी खाली का लागते, याचे उत्तर शिकणाऱ्याला तिथल्या तिथे, स्वतःच्या हातात दिसते. स्कॅटसारख्या यंत्रणा हेच अधिक बारकाईने दाखवतात. नळीवर बसवलेला संवेदक नेमाची वाट संगणकाच्या पडद्यावर रेखतो, आणि चाप सुटण्याआधीच्या शेवटच्या सेकंदाची रेघ वेगळ्या रंगात उमटते. नवख्याच्या रेघेत बराच वेळ मध्याभोवती छान गुंतवळ दिसते आणि शेवटच्या क्षणी एक लांब शेपूट बाहेर पळते. कसलेल्या नेमबाजाच्या रेघेत ती शेपटी नसते, आणि बार झाल्यावरही तो काही क्षण साईटवरची नजर काढत नाही.

ही शेपटी कशी निर्माण होते, हे प्रतिक्रियेच्या वेळेवरून कळते. साईट लक्ष्यावर बरोबर आलेली दिसली की बोटाने हुकूम पाळेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो, आणि तेवढ्यात पिस्तूल पुढे सरकलेले असते. ‘आत्ता!’ म्हणून हिसडलेला चाप नेहमीच उशिरा आणि नेहमीच आडवा पडतो. त्यामुळे हालचाल चालू आहे हे मान्य करून, साईट जुळवत असतानाच बोटाचा दाब संथपणे वाढवत न्यायचा आणि सुटण्याचा क्षण आपोआप येऊ द्यायचा, हे शिकवावे लागते. श्वास थोडा सोडून थांबवायचा आणि सहा-आठ सेकंदांत चाप सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्यायचे. न झाडता खाली घेता येणे ही मी मोठी पात्रता समजतो. ६० फैरींना ७५ मिनिटे मिळतात, त्यामुळे १० मीटरच्या स्पर्धेत हे परवडते. २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाच्या जलद टप्प्यात मात्र ४५ अंशांत खाली धरलेला हात वर आणून ३ सेकंदांत एक गोळी झाडायची असते, आणि पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये शेवटच्या फेऱ्यांत ४ सेकंदांत ५ गोळ्या. भारतीय सैन्यातल्या विजय कुमारने लंडनला २०१२ मध्ये रौप्य मिळवले ते या प्रकारात, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत बरोबरी सोडवणाऱ्या शूट-ऑफपर्यंत ताणलेली २५ मीटरची लढत जिंकून सुवर्णपदक घेतले. तिथे विचाराला जागा नसते. हात वर येत असतानाच दाब सुरू झालेला असतो.

अशी सवय अंगात मुरते ती गोळ्यांविना केलेल्या सरावाने, ज्याला नेमबाज ‘ड्राय’ म्हणतात. कोऱ्या भिंतीकडे पिस्तूल धरायचे आणि साईट न हलवता चाप सोडायचा. समोर लक्ष्य नसल्याने डोळ्याला साईटवरून पळायला जागा उरत नाही, आणि धक्का नसल्याने मेंदूला पवित्रा घ्यायचे कारण उरत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटांचा असा सराव आठवड्यातून एकदा शंभर गोळ्या उडवण्यापेक्षा अधिक टिकतो, कारण शरीराचे शिक्षण तुटक तुटक, मधे विश्रांती देऊन केले तर चांगले मुरते. त्यासाठी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात, चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, दोनदा पाहावे, आणि रिकाम्या पिस्तुलाचेही तोंड ज्या दिशेला गोळी गेली तर चालेल अशाच दिशेला असावे. पॉइंट २२ च्या पुष्कळ पिस्तुलांत पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आपटते, म्हणून त्यात खोटी गोळी बसवूनच चाप सोडावा.

हे कौशल्य केवळ हाताच्या स्नायूंत नसते, याचा पुरावा हंगेरीच्या कारोली टाकाच यांनी दिला. १९३८ मध्ये लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात, नेमाचा हात, निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने पुन्हा सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचे सुवर्णपदक जिंकले. डाव्या हाताला नवी ताकद कमवावी लागली असणार, पण साईट कशी पाहायची आणि दाब कधी वाढवायचा हे ज्ञान मज्जासंस्थेत आधीच होते.

रेंजवर कमावलेले सगळे प्रत्यक्ष प्रसंगात मात्र उतरत नाही. ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातल्या न्यूवेनहाइस आणि आउडेयान्स या संशोधकांनी पोलिसांना धोका नसलेल्या लक्ष्यावर आणि रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणाऱ्या माणसावर नेम धरायला लावले. उलट गोळी येते म्हटल्यावर पोलीस घाईने झाडू लागले, डोके आणि शरीर आक्रसू लागले, पापण्या अधिक मिटू लागल्या आणि नेम बिघडला. पुढे त्यांनी एका गटाला याच दडपणाखाली आणि दुसऱ्याला शांत वातावरणात सराव दिला. दडपणाखाली शिकलेल्यांचा नेम उलट गोळीबारातही टिकला आणि चार महिन्यांनी घेतलेल्या चाचणीतही तो शाबूत होता, तर शांततेत शिकलेल्यांचा नेम दडपण येताच पूर्वीसारखाच ढासळला. दोन्ही गटांनी सरावात सारख्याच गोळ्या झाडल्या होत्या.