सिनेगॉगचा कायमनिधी आणि पावतीवरची एक ओळ
(विश्वस्त, मुकादम म्हणजे सिनेगॉगचे प्रमुख, व खजिनदार यांच्यासाठी)

शालोम आणि नमस्कार.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, सिनेगॉगांचे (प्रार्थनागृहांचे) हिशेब पाहताना आमच्यासमोर एकच चित्र पुन्हा पुन्हा येतं. इमारत मोठी, वर्गणीदार मूठभर. 1948 नंतर कुटुंबंच्या कुटुंबं इस्राएलला गेली, त्यांच्याबरोबर वर्गणी आणि सणासुदीच्या देणग्याही गेल्या. कौलं मात्र दर पावसाळ्यात गळतात. हझानचा (प्रार्थना चालवणाऱ्याचा) पगार, विजेचं बिल, कबरस्तानाची साफसफाई कुणासाठी थांबत नाही. पुण्याचं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, मुंबईचे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या पैशातून उभं राहिलं, पण 1867 साली ते पुरं होण्याआधीच, 1864मध्ये, ससून वारले. बांधणाऱ्याचा पैसा एकदाच येतो, राखण्याचा खर्च दर वर्षी असतो. कायमनिधी लागतो तो यासाठी.

मुद्दल बँकेत राहतं, खर्चाला फक्त व्याज. समजा 10 लाखांवर 7 टक्के दराने 70,000 रुपये आले. करसवलत टिकवायची तर साधारणपणे त्यातले 85 टक्के, म्हणजे 59,500, ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च व्हायला हवेत. उरलेले 10,500 बिनशर्त राखता येतात. ते मुद्दलाशेजारीच ठेवीत टाका, ही आमची आग्रहाची विनंती. महागाई मुद्दल आतून पोखरत असते. सगळं व्याज खर्चून टाकलं, तर वीस वर्षांनी त्याच 70,000त रंगाचा एक हातही होणार नाही.

आता पावतीपुस्तक उघडा. ‘आईच्या हश्काब्यासाठी (मृतांसाठीच्या प्रार्थनेसाठी), रु. 51,000’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती साधी देणगी ठरते आणि त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. दात्याने लेखी कळवलं पाहिजे : ‘ही रक्कम कायमनिधीत जमा करावी, व्याजातून दर वर्षी हश्काबा व्हावा.’ ते पत्र पावतीच्या स्थळप्रतीला टाचून ठेवा. ही एक ओळ नसल्यामुळे चांगल्या मनाने दिलेला पैसा छताच्या डागडुजीत संपून गेलेला आम्ही पाहिला आहे. मुलगा आईच्या नावाची चौकशी करायला आला, तेव्हा खजिनदारांकडे दाखवायला काहीच नव्हतं.

पतपेढीत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून निधी तिथे नेऊ नका. कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच, कायमनिधीची म्हणून वेगळी दाखवता येईल अशी ठेव करा. ट्रस्टची जागा विकून निधी उभारायचा विचार असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी आधी, बोलणी नंतर.

इस्राएलमधले नातेवाईक पैसे पाठवू म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न पासपोर्टचा. इस्राएली नागरिकाची देणगी ही विदेशी देणगी असते, मग तो जन्माने अलिबागचा का असेना. त्यासाठी ट्रस्टची विदेशी देणगीची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरावीक खातं लागतं. नोंदणी नसेल तर रक्कम घेऊ नका. आपलं माणूस आहे म्हणून परत करायला संकोच वाटतो, तरीही.

भेटीला येताना पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, ठेवींच्या पावत्या आणि ट्रस्टची घटना घेऊन या. जुन्या पावत्यांपैकी कोणत्या दात्यांचा हेतू कागदोपत्री सिद्ध करता येतो, ते आपण एकत्र बसून पाहू.