पिकअपवरचा ‘ट्रान्स’ आला कुठून?

गणपतीला तीन आठवडे होते आणि कळव्यातल्या एका साऊंडवाल्याच्या गाळ्यात मी बसलो होतो. एका भिंतीला टॉप, म्हणजे वरच्या पट्टीचे स्पीकर, रचलेले, दुसरीला अठरा इंची बेसच्या पेट्या, मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप आणि त्याच्यासमोर मांडी घालून मालकाचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. स्क्रीनवर फाईली होत्या: ‘साऊंड चेक ट्रान्स’, ‘डायलॉग ट्रान्स’, ‘आगरी ट्रान्स फायनल’, ‘आगरी ट्रान्स फायनल २’. मी विचारलं, “ट्रान्स म्हणजे नक्की काय रे?” तो म्हणाला, “काका, ज्यात गाणं नसतं आणि पेटी फाटते, तो ट्रान्स.”

व्याख्या अगदीच वाईट नाही. ठाणे, कळवा, दिवा, पलीकडे ऐरोली-घणसोली, सगळीकडे मिरवणुकीत आणि हळदीत हा शब्द आता रुळला आहे. आधी एखादी घोषणा किंवा सिनेमातला संवाद, मग सायरनसारखा चढत जाणारा आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग छातीवर आदळणारा बेस आणि त्याच्या डोक्यावर करवतीसारखा सूर. नव्वदच्या दशकात कॅसेटवर ट्रान्स ऐकलेली माझ्या वयाची माणसं याला नाक मुरडतात. हा ट्रान्स नव्हेच, म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या चढत्या आवाजाला आणि त्या करवती सुराला वंशावळ आहे, फक्त ती ओसाका, फ्रँकफर्ट आणि गोवा असा वळसा घालून आपल्या नाक्यावर आली आहे. वाटेत एक गोष्ट मात्र गळून पडली. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी या संगीताचा सांगाडा. चार मात्रांचं आवर्तन, प्रत्येक मात्रेवर किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, दोन ठोक्यांच्या मधे झांजेसारखा हाय-हॅट. वेग साधारण मिनिटाला १२५ ते १५० ठोके. पट्टीचा ट्रान्स १३८च्या आसपास. त्यावर तीन-चार स्वरांची एक छोटी साखळी गोल गोल फिरत राहते आणि दर आठ किंवा सोळा आवर्तनांनी एखादा थर वाढतो किंवा कमी होतो. एक ट्रॅक सात ते दहा मिनिटांचा. सुरुवातीला आणि शेवटी बराच वेळ नुसते ठोके असतात. ते कंटाळवाणे वाटतात, पण डीजेला एका ट्रॅकमधून दुसऱ्यात अलगद शिरायला तीच जागा लागते.

‘ट्रान्स म्हणजे आपलं भजनच की’ असं म्हणणारा एक तरी जण अशा गप्पांत भेटतोच. अर्धं खरं आहे. फिरून फिरून तीच ओळ, तोच ताल, हळूहळू भान सुटणं, हे दोन्हीकडे आहे. पण भजनात रंग चढतो तेव्हा पखवाज लय वाढवतो, टाळ दुगुनीत जातात. ढोल-ताशाचंही तसंच. ट्रान्समध्ये १३८ म्हणजे १३८. पहिल्या मिनिटाला तेवढेच आणि नवव्यालाही तेवढेच. मग चढ येतो कुठून? तर ठोका काढून घेण्यातून. ट्रॅकच्या मध्यावर किक गायब होते, बेस गायब होतो, उरतो एक लांबट सूर आणि त्यावर चाल. याला ब्रेकडाऊन म्हणतात. बत्तीस आवर्तनांचा ब्रेकडाऊन असेल तर १३८च्या वेगाने तो जवळपास ५६ सेकंद चालतो. तेवढा वेळ अंगातली लय तुमची तुम्हीच मोजत उभे असता. मग स्नेअर या छोट्या ड्रमची टकटक सुरू होते, ती दुप्पट होते, चौपट होते, फिल्टर उघडत जातो, म्हणजे दबलेला आवाज लख्ख होत जातो, आणि ठोका परत येतो तेव्हा हजार माणसं एकदम उडी मारतात. ट्रान्सची सगळी ओढ त्या ५६ सेकंदांत आहे. बाकी सजावट.

आता ओसाका. आपल्याकडच्या कुठल्याही बेंजो पार्टीतला ऑक्टापॅड आठवा; बहुतेक वेळा त्यावर ‘रोलँड’ लिहिलेलं असतं. ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात काढली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने टीबी-३०३ नावाची एक चंदेरी डबी बाजारात आणली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला सोबतीला बेस मिळावा, हा हेतू. पण तिच्यातला बेस खऱ्या बेससारखा अजिबात वाजत नसे, आणि १९८४मध्ये उत्पादन बंद झालं. डब्या जुन्या बाजारात स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा शिकागोत हाऊस नावाचं नाचाचं संगीत करणाऱ्या पोरांच्या हाती लागल्या. त्यांनी बटणं पिळली, आवाज चिखलात पाय रुतल्यासारखा पचपचू लागला, आणि १९८७च्या सुमारास त्या संगीताला ॲसिड हाऊस हे नाव पडलं.

इथे मुंबईचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ साली हीच टीबी-३०३, रोलँडचंच टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. भैरव, यमन, मालकंस, खाली डिस्कोचा ठेका. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगभरचे लोक थक्क झाले, कारण शिकागोच्या आधी पाच वर्षं जवळपास तोच आवाज मुंबईत निघाला होता. ‘ॲसिड हाऊस आपणच शोधलं’ अशा पोस्ट तेव्हापासून अधूनमधून फिरतात. तेवढं ताणायला नको. शिकागोवाल्यांनी ती तबकडी ऐकली असण्याची शक्यता फार कमी. सारखी यंत्रं दोन वेगळ्या हातांत पडली, एवढंच. सिंग २०१५मध्ये मुंबईतच गेले. शेवटच्या काही वर्षांत का होईना, परदेशात मैफली करून आणि टाळ्या घेऊन गेले.

ट्रान्स हे नाव चिकटलं ते जर्मनीत. तिथे सत्तरच्या दशकापासून टँजरिन ड्रीम, क्लाऊस शुल्झे ही मंडळी वीस-वीस मिनिटं एकच सिंथेसायझरची साखळी फिरवत होती, म्हणजे कान तयार होते. १९८९मध्ये बर्लिनची भिंत पडली, पूर्वेकडची रिकामी तळघरं आणि गोदामं तरुणांना पार्ट्यांसाठी मोकळी मिळाली. फ्रँकफर्टचा माहोल वेगळा, पैशाचा. तिथे चक्क विमानतळाच्या इमारतीत डोरियन ग्रे नावाचा क्लब होता, आणि शहरात स्वेन फेट या डीजेचा ओमेन हा क्लब. त्याच्याच आय-क्यू आणि हार्टहाऊस या लेबलांवरून, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांतून, टेक्नो या यंत्री नाचसंगीताचा कोरडा ठोका आणि लांब, भावुक चाली यांची सांगड बाहेर पडू लागली. १९९२ साली जॅम अँड स्पून या फ्रँकफर्टच्या जोडीने ‘द एज ऑफ लव्ह’ या ट्रॅकचं रीमिक्स केलं. सुरुवात करायची तर मी कुणालाही तेच ऐकायला सांगतो. तीसेक वर्षं उलटली, अजून शिळं झालेलं नाही.

त्याच काळात दुसरं टोक आपल्या शेजारी घडत होतं. गोव्यात हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी यायचे. आधी गिटार आणि रॉक. ऐंशीत युरोपातून इलेक्ट्रॉनिक कॅसेटी येऊ लागल्या. वाजवणारे त्यातलं गाणं कापून टाकायचे आणि वाद्यांचे तुकडे जोडून लांबवायचे. (कळव्याच्या मुलाची ‘ज्यात गाणं नसतं’ ही व्याख्या इथून सुरू होते, त्याला ठाऊक नसलं तरी.) कॅलिफोर्नियातून आलेला गोवा गिल हा त्यातला सगळ्यात ठळक माणूस: जटा, भस्म, साधूंची संगत, आणि चोवीस-चोवीस तास चालणारे कार्यक्रम. तो २०२३च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

गोव्याच्या ट्रान्सला आकार दिला तो उन्हाने आणि धुळीने, असं म्हटलं तर अध्यात्म शोधणाऱ्यांना राग येईल, पण यंत्रांची गोष्ट तीच सांगते. तबकड्या उन्हात वाकायच्या. म्हणून सगळे डॅट या छोट्या डिजिटल टेपवर वाजवू लागले. डॅटचा वेग डीजेला हवा तसा कमी-जास्त करता येत नसे, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवून मिसळणं कठीण. मग ट्रॅकच्या आरंभी आणि शेवटी ठोक्याविना तरंगणारे आवाज ठेवायची पद्धत पडली. एक विरतो, दुसरा उगवतो. पार्टी रात्री सुरू होऊन सकाळी संपायची, त्यामुळे मध्यरात्रीचं संगीत काळोखं आणि सूर्य वर आल्यावरचं मोकळं, सुरेल. १९९२ साली भारत-इस्रायल राजनैतिक संबंध पूर्ण प्रस्थापित झाले आणि सक्तीची लष्करी सेवा संपवलेली इस्रायली मुलं मोठ्या संख्येने यायला लागली. ती जाताना हे संगीत घरी घेऊन गेली आणि ॲस्ट्रल प्रोजेक्शन, इन्फेक्टेड मशरूम ही नावं तिकडून पुढे आली. इंग्लंडमध्ये ड्रॅगनफ्लाय आणि टिप ही लेबलं निघाली. १९९४च्या डिसेंबरमध्ये पॉल ओकनफोल्ड या ब्रिटिश डीजेने बीबीसी रेडिओ वनवर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि लंडनला हणजूणचं नाव पाठ झालं.

ठाण्याहून गोवा जवळ आलं ते कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण सुरू झाल्यावर. कोकणकन्या रात्री ठाण्याला पकडायची, सकाळी थिवीला उतरायचं. आमच्या कॉलेजातले काही जण असे जाऊन आले आणि येताना फ्लोरोसंट रंगाचे टी-शर्ट व कॉपी केलेल्या कॅसेटी घेऊन आले. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला एकच शब्द दिला, ‘रेव्ह पार्टी’. तो उगाच दिला असं म्हणणार नाही. एलएसडी, एक्स्टसी, चरस हे या इतिहासाच्या कडेला नाही, आतच आहे, आणि त्यात पोरं वाया गेलीही. पण पानभर बातमीत संगीताबद्दल एक ओळ नसे, हेही तितकंच खरं.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. १९९६ साली रोलँडने जेपी-८००० काढला. त्यात सुपरसॉ नावाचा आवाज होता: करवतीच्या दातांसारख्या सात लहरी, प्रत्येक किंचित बेसूर, एकत्र वाजवलेल्या. सोसायटीच्या गणपतीत आरतीला सात जण एकच स्वर लावतात, सातही थोडे इकडे-तिकडे लागतात आणि त्यामुळेच हॉल भरल्यासारखा वाटतो, तसंच. या आवाजावर नेदरलँड्सने राज्य केलं. फेरी कोर्स्टेन, टिएस्टो, अर्मिन व्हॅन ब्युरेन हे तिथलेच डीजे. टिएस्टो २००४च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात वाजवून गेला, अर्मिनचा रेडिओ कार्यक्रम २००१पासून दर आठवड्याला चालू आहे. शैलींची नावं मोजायला बसलात तर रात्र सरेल: अपलिफ्टिंग म्हणजे १३८चा, चालीवर भर देणारा, प्रोग्रेसिव्ह संथ आणि संयमी, व्होकलमध्ये बाई गाते, सायट्रान्स म्हणजे गोव्याचं अपत्य, १४०च्या पुढचं. सायट्रान्समध्ये किकनंतरच्या तिन्ही मोकळ्या जागांत बेस भरलेला असतो, ठक-डु-डु-डु, ठक-डु-डु-डु. १४५च्या वेगाला हे सेकंदाला जवळपास दहा आघात होतात. श्वास घ्यायला जागा नाही, आणि तोच त्याचा गुण. व्होकल ट्रान्स मला फारसा सोसत नाही. ती बाई नेहमी आकाशाबद्दलच काहीतरी सांगत असते.

२०१६च्या आसपास व्हिनी व्हिची या इस्रायली जोडीने सायट्रान्सचा तो पळता बेस मोठ्या महोत्सवांच्या मंचावर नेला, आदिवासी गायनाचे तुकडे, आरोळ्या आणि मग धडाका अशा रूपात. आपल्या डीजेंच्या कानावर ट्रान्स पडला तो बहुधा याच अवतारात, यूट्यूबवरून. आरोळीच्या जागी घोषणा घालायला कितीसा वेळ? सुपरसॉ तर लॅपटॉपमध्ये फुकटच मिळतो. खाली मात्र सरळ चार ठोके राहिले नाहीत. तिथे हलगी आली, नाशिक ढोल आला, कोळीगीतांचा ठेका आला. याआधी याच रस्त्यांवर बेंजो पार्टी होती, त्याआधी ब्रास बँड. नवं वाद्य आलं की मिरवणूक ते गिळते, ही काही आजची गोष्ट नाही.

गंमत अशी की गोव्याची रात्र आणि ठाण्याची मिरवणूक एकाच नियमाखाली येऊन थांबली. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, एवढीच फट. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर निकाल दिला. दोन बेसच्या पेट्यांसमोर उभं राहिलेल्या कुणालाही ५५चा आकडा विनोदी वाटेल. माझं घर रस्त्याला लागून आहे, त्यामुळे मला तो अजिबात विनोदी वाटत नाही.

त्या दिवशी गाळ्यात मी त्या मुलाला माझ्या फोनमधला एक जुना, नऊ मिनिटांचा ट्रॅक दिला. त्याने हेडफोन लावला. पहिली दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत होता, मग मान हलायला लागली. ब्रेकडाऊन आला तसा थांबला, माझ्याकडे बघितलं, बोटाने ‘संपलं?’ असं विचारलं. मी हाताने थांब म्हटलं. ठोका परत आला तेव्हा हसला.

“भारी आहे काका,” हेडफोन काढत म्हणाला, “पण एवढा वेळ बेस बंद ठेवला ना, तर पब्लिकला वाटेल जनरेटर गेला.”

मग त्याने तो भाग निवडला, ५६ सेकंदांचे आठ केले, पुढे एक हॉर्न चिकटवला आणि फाईल सेव्ह केली. नाव दिलं, ‘काका ट्रान्स फायनल’.