बेस गेला तो प्रेसिंगमुळे नव्हे

"माझं इंग्लंडचं प्रेसिंग हाय. तुझ्या इंडियन प्रेसिंगला तसला बेस कुठनं येणार?" बेळगावात रॉकच्या रेकॉर्डी जमवणारे दोघं एकत्र आले की हे वाक्य येतंच. कॅम्पात येतं, टिळकवाडीत येतं, चोर्ला घाट उतरून म्हापशाला गेलं तर तिथंही येतं. समोरचा मान डोलावतो, आणि पुढच्या वेळी तोच हे तिसऱ्याला ऐकवतो. तेव्हा एकदाच नीट लिहितो. बेस किती, झांजा किती चमकतात, गायक पुढं उभा की मागं, हे सगळं मास्टरिंगमध्ये, म्हणजे कट करताना ठरतं. प्रेसिंग, म्हणजे त्या कटवरून काढलेल्या साच्यात चकत्या दाबणं, त्यात भर घालत नाही. ते फक्त बिघडवू शकतं, आणि बिघडवण्याच्या त्याच्या तऱ्हा अगदी वेगळ्या असतात.

सुई, टोनआर्म, काउंटरवेट, फोनो इनपुट हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. सूटकेस प्लेअरवर प्रेसिंगांची तुलना करणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

स्टुडिओतून मिक्स झालेली टेप येते. कटिंग इंजिनिअर ती वाजवतो आणि लेथवर फिरणाऱ्या लॅकरवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या मऊ लेपात, खोबण कोरतो. टेपवरचं सगळं तिथं जसंच्या तसं उतरवता येत नाही. बेससाठी खोबण जास्त हलावी लागते, म्हणजे जागा लागते. एक बाजू २५ मिनिटांची असेल तर एकूण आवाज खाली आणा, नाहीतर बेस छाटा. 'स'चा सीत्कार फार तीक्ष्ण झाला तर सुईला तो धड वाचता येत नाही, म्हणून तोही आवरा. खर्जातले सूर डाव्या-उजव्या बाजूला फार वेगळे गेले तर सुई उडते, म्हणून ते मध्ये ओढा. हे सगळे निर्णय एक माणूस त्याच्या कानांनी, त्याच्या यंत्रावर घेतो. दुसरा माणूस तीच टेप घेऊन बसला तर रेकॉर्ड वेगळी वाजणार.

पुढं जे होतं त्यात कानाचा संबंध नाही. लॅकरवर धातूचा थर चढवून उलटा साचा काढतात, त्यावरून सुलटी 'मदर', मदरवरून पुन्हा उलटे स्टँपर. दोन स्टँपरांच्या मध्ये गरम पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड तयार. खानापूरकडच्या कौलांचं बघा. साच्यात असेल तेवढीच नक्षी उमटते. माती वाईट असली, भाजणी बिघडली, तर कौल तडकेल, वाकडं होईल, पण नक्षीत नवीन फूल उगवणार नाही.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे लेड झेपलिनचा दुसरा अल्बम, ऑक्टोबर १९६९चा. न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये रॉबर्ट लडविगनं तो कट केला आणि टेपवर होती ती ताकद बेधडक खोबणीत घातली. अटलांटिक रेकॉर्ड्सचे प्रमुख अहमत एर्टेगन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर ती प्रत उड्या मारायला लागली, आणि कंपनीनं आवाज आणि बेस आवरून नवा कट करून घेतला, अशी हकिगत खुद्द लडविगनंच सांगितली आहे. पहिल्या कटच्या प्रतींवर लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत, म्हणजे रनआउटमध्ये, 'आरएल' ही अक्षरं हातानं कोरलेली असतात. टेप तीच, अल्बम तोच, कव्हर तेच, कॅटलॉग क्रमांक तोच. तरी एका प्रतीत जॉन बॉनमचा बास ड्रम छातीवर येतो आणि दुसऱ्या प्रतीत तो शेजारच्या खोलीत वाजत असतो.

या प्रतीला 'हॉट मिक्स' म्हणणारे भेटले की माझं डोकं फिरतं. मिक्स बदललंच नव्हतं. मिक्स बदलल्याचं उदाहरण हवं असेल तर बीटल्सचा १९६६चा 'रिव्हॉल्व्हर' घ्या. त्याच्या ब्रिटिश मोनो प्रतींपैकी ज्यांच्या दुसऱ्या बाजूवर एक्सईएक्स ६०६-१ असा क्रमांक आहे, त्यांत शेवटच्या गाण्याचं वेगळंच मिक्स गेलं होतं, आणि ते लगेच मागं घेतलं. तिथं कानाला वेगळे आवाज वेगळ्या जागी येतात. मिक्स ओळखायला सोपं असतं. कट आणि प्रेसिंग मात्र लोक एकाच पोत्यात भरतात.

मग कानानं वेगळं कसं करायचं? माझा पहिला प्रश्न एवढाच असतो: जे खटकतंय ते सतत आहे की ये-जा करतंय? बाजूभर, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत बेस कमीच असेल, गिटार टोचतच असेल, तर तो कट आहे. त्याच कटची दुसरी प्रत आणली तरी तेच ऐकू येईल. प्रेसिंगचा दोष बहुतेक वेळा जागा धरून बसतो, आणि चकतीबरोबर फिरतो. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. 'टक्… टक्… टक्' असा आवाज बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर त्या ठिकाणी चकतीलाच काहीतरी झालेलं आहे. पीव्हीसी खोबणीत पुरतं भरलं नसेल तर कापड फाटल्यासारखा 'झर्रर्र' येतो, आणि तोही बऱ्याचदा एकाच स्पीकरातून. ओरखडा दिसत नसेल तर हे दोन्ही प्रेसिंगचे. याला मास्टरिंग वाईट म्हणणं म्हणजे इंजिनिअरवर अन्याय.

सगळ्यात फसवणारा दोष म्हणजे भोक मध्यावर नसणं. मिलिमीटरच्या अंशानं सरकलं तरी दर १.८ सेकंदांनी सूर जरासा वर जातो आणि जरासा खाली येतो. इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात हे झाकलं जातं, आणि माणूस म्हणतो, "मास्टरिंग जरा सैल वाटतंय." लांबलेला पियानो आला की पितळ उघडं पडतं. पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'च्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं त्यासाठी उत्तम. पण आपल्याकडं त्याहून कठोर परीक्षा घरातच असते. तंबोरा असलेली कुठलीही ख्यालाची रेकॉर्ड लावा. आपल्याच सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची लावली तर आणखी बरं. भोक सरकलेलं असेल तर षड्ज हिंदकळतो, आणि तो एकदा ऐकला की मग रॉकच्या रेकॉर्डीतही तीच हिंदकळ पकडायला कान तयार होतो. बेळगावात गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये, पण तीच माणसं रॉक लावताना कान बाहेर ठेवतात.

आता अपवाद, कारण खरा घोळ इथंच आहे. स्टँपर झिजतो. एका स्टँपरवरून फार प्रती काढल्या की खोबणीतली बारीक नक्षी बोथट होते, झांजांची कड जाते, आणि हे बाजूभर सतत ऐकू येतं. म्हणजे प्रेसिंगचा दोष, पण ऐकायला कटसारखा. इथं कान पुरत नाही, रनआउट वाचावा लागतो. ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या तिथल्या प्रतींवर हे चांगलं जमतं. लेबल सरळ धरलं की घड्याळात सहा असतात त्या जागी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे कट. नवाच्या जागी मदरचा आकडा. तीनच्या जागी एक-दोन अक्षरं, तो स्टँपर. अक्षरांची किल्ली कंपनीच्या जुन्या 'ग्रामोफोन… लिमिटेड' (GRAMOPH LTD) या नावातूनच काढलेली: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी ०. 'जीडी' दिसलं तर दहावा स्टँपर. दोन प्रतींचा मॅट्रिक्स एकच आणि स्टँपर लांबचे असतील, एक तेजस्वी आणि दुसरी मंद वाजत असेल, तर तिथं खुशाल म्हणा की फरक प्रेसिंगचा. तोवर नको.

आता त्या पहिल्या वाक्याकडं, म्हणजे इंग्लंड आणि इंडिया. ईएमआयच्या बऱ्याच रॉक रेकॉर्डी आपल्याकडं कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबल्या गेल्या, 'डार्क साइड'सुद्धा. अशा रेकॉर्डींना लागणारे धातूचे साचे अनेकदा लंडनहून यायचे. तुमच्या भारतीय प्रतीच्या रनआउटमध्ये ब्रिटिश मॅट्रिक्स असेल, उदाहरणार्थ एसएचव्हीएल ८०४ आणि पुढं ए किंवा बी, तर कट लंडनचाच आहे आणि बेसही लंडनचाच आहे. १९७३च्या पहिल्या ब्रिटिश प्रतींवर, लेबलावर भरीव निळा त्रिकोण असलेल्या, ए-२ आणि बी-२ असतं. इथल्या प्रतीवर आकडा पुढचा असेल तर तो नंतरचा कट, वेगळा वाजू शकतो. पण तो फरक 'दोन' आणि 'पाच' यांतला, दमदम आणि लंडन यांतला नव्हे. भारतीय प्रतींत खरखर जास्त असते असं संग्राहक म्हणतात ते बऱ्याचदा खरं आहे, आणि खरखर हा खुशाल प्रेसिंगच्या खात्यावर टाकायचा माल. पण खरखर जास्त म्हणून बेस कमी, हे गणित कुठल्याच शाळेत बसत नाही.

उलटंही होतं. परदेशी कंपनीला मूळ टेपची नक्कल पाठवली आणि तिथं नव्यानं कट केलं, तर दाबणी कितीही गुळगुळीत असली तरी आवाज बदलणार. अमेरिकेत कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीनं बीटल्सच्या काही गाण्यांना वरून प्रतिध्वनी चढवला होता. त्या प्रती शांत, स्वच्छ आणि चुकीच्या वाजतात. मला खरखरीत पण बरोबर वाजणारी प्रत कधीही चालेल.

जाड रेकॉर्डीच्या वजनाच्या, म्हणजे १८० ग्रॅम या आकड्यावर दोन ओळींपेक्षा जास्त खर्च करायची इच्छा नाही. जाड चकती कमी वाकते आणि हाताला छान लागते, बस्स. बीटल्सचा २०१२चा स्टिरिओ संच आणि २०१४चा मोनो संच, दोन्ही १८० ग्रॅमचे. पहिला डिजिटल फायलींवरून कट केलेला, दुसरा थेट टेपवरून. तराजूवर दोन्ही सारखेच. मी मोनो संच घेईन, पण वजनासाठी नाही.

आणि हो, 'डिजिटल आलं की आवाज मेला' असंही लगेच ठोकू नका. महागड्या पुनर्प्रती काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या कित्येक रेकॉर्डी कट होण्याआधी डिजिटल टप्प्यातून गेल्या होत्या हे २०२२मध्ये बाहेर आलं, तोवर तेच लोक त्यांना शुद्ध ॲनालॉगचा कळस म्हणत होते. डायर स्ट्रेट्सचा १९८५चा 'ब्रदर्स इन आर्म्स' तर मुळात डिजिटलवरच ध्वनिमुद्रित झाला, आणि एलपीवर मावावीत म्हणून त्यातली काही गाणी सीडीपेक्षा छोटी केली. त्याचं 'ओरिजिनल ॲनालॉग प्रेसिंग' विकायला कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तुलना करताना एक पथ्य मात्र पाळाच. आधी दोन्ही प्रतींचा आवाज सारखा लावा. जोरात कट केलेली रेकॉर्ड पहिल्या दहा सेकंदांत नेहमी चांगलीच वाटते, त्यामुळं व्हॉल्यूम न हलवता केलेली तुलना म्हणजे फक्त कोण मोठ्यानं ओरडतो याची तुलना. आणि आधी दोन्ही धुवा. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या रेकॉर्डींवर बुरशी धरते, आणि बुरशीचा खरखराट ना कटचा ना प्रेसिंगचा. तो आपल्या आळसाचा.

रंगीत व्हिनाइल, पिक्चर डिस्क, नंबर घातलेली मर्यादित आवृत्ती, कव्हरभोवतीची कागदी जपानी ओबी पट्टी यांतलं काहीही कट बदलत नाही. भिंतीवर छान दिसतं, इतकंच.

घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला देश विचारू नका, साल विचारू नका, 'फर्स्ट प्रेस का?' तर मुळीच विचारू नका, कारण उत्तर नेहमी होच असतं. दोन्ही बाजूंच्या रनआउटचा फोटो मागा, तिरप्या उजेडात काढलेला, अक्षरं वाचता येतील असा. कोल्हापूरचा असो, गोव्याचा असो की खडेबाजारातला, ज्याला रेकॉर्डीतलं कळतं तो पाच मिनिटांत पाठवतो. 'सील फोडलेलं नाही हो' असं उत्तर आलं तर ती रेकॉर्ड ज्याला कव्हर जमवायचंय त्याच्यासाठी आहे, त्याला घेऊ द्या.