कातडीतली भूमिती

पलासियाच्या चौकात एक मोठं होर्डिंग लागलंय: भाजल्याचे, टाक्यांचे, मुरुमांचे, कसलेही व्रण एका बैठकीत ‘जड़ से ग़ायब’. सोबत निळा किरण आणि गोरीपान बाई. आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून त्यावर बरीच चर्चा झाली, म्हणून लिहितो. व्रण जड़ से ग़ायब होत नाही. लेझरनं रंग फिकट होईल, खडबडीतपणा कमी होईल, चांगला सर्जन व्रण नजरेत न भरेलसा करेल. पण तोही एक व्रण काढून दुसरा ठेवत असतो. त्याचं कसब असतं तो दुसरा व्रण कुठे आणि कोणत्या दिशेनं ठेवायचा यात.

जखम कातडीच्या खालच्या थरापर्यंत गेली की शरीर घाईघाईनं कोलॅजन या प्रथिनाचे धागे घालून भोक बुजवतं. मूळ कातडीत हे धागे चहूदिशांना गुंफलेले असतात. व्रणात बरेचसे एकाच दिशेनं, शेजारी शेजारी पडतात. तिथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही. डागडुजी वर्षभर चालते, तरी ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते.

इथे एक सांगून टाकतो. टाके पडले की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो, ‘आंबट देऊ नका, पिकेल’. कोलॅजन नीट तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं, आणि ते लिंबात-आवळ्यात भरपूर असतं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही व्हायचा, तेव्हा त्यांच्या वर्षांपूर्वी भरलेल्या जखमासुद्धा उकलायच्या. तेव्हा आजींचा मान राखा, पण पानातलं लिंबू काढू नका.

खरी पंचाईत असते ती ताणाची. भरणाऱ्या जखमेत मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात. गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१मध्ये त्यांचं वर्णन केलं. अर्ध्या धागे विणणाऱ्या, अर्ध्या स्नायूसारख्या आखडणाऱ्या. जखमेच्या कडा जवळ ओढणं हे त्यांचं काम. लहान जखमेत ते उपकारक, पण भाजल्याचा व्रण सांध्यावर असला की त्या सांधाच ओढून धरतात. आमच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईशी उभ्या असलेल्या एका कारागिराचा हात मी जवळून पाहिलाय. कधीतरी तेल उडून कोपराच्या आतल्या बाजूला भाजलेलं. हात सरळ करायला गेला की व्रणाची पट्टी धनुष्याच्या दोरीसारखी वर उठते आणि पांढरी पडते, कारण ताणानं तिच्यातलं रक्त दाबून बाहेर जातं. झारा धरता येतो, पण वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही.

पट्टी आडवी कापली तर हात सुटेल, पण मधे उघडी जखम राहील. म्हणून सर्जन झेड-प्लास्टी करतो. माझ्या मते सगळ्या शस्त्रक्रियांमधली ही सर्वांत देखणी युक्ती.

कागद घ्या. व्रणाच्या बाजूनं २ सेंमीची उभी रेघ काढा. वरच्या टोकापासून डावीकडे आणि खालच्या टोकापासून उजवीकडे, दोन्हीकडे ६० अंशांचा कोन करून, तेवढ्याच लांबीच्या तिरक्या रेघा काढा. झाला झेड, थोडा कलंडलेला. आता या रेघांवर कातडी कापली की दोन त्रिकोणी झडपा सुटतात. एकेका बाजूनं त्या शरीराला जोडलेल्याच राहतात, रक्त तिथूनच मिळतं. सर्जन त्यांची अदलाबदल करतो आणि टाके घालतो. बाहेरून कातडीचा तुकडाही न आणता व्रणाच्या दिशेची लांबी जवळजवळ पाऊणपट वाढते!

कशी? शाळेतला समभुज चौकोन आठवा. चारही टोकं जोडली तर दोन समभुज त्रिकोण पाठीला पाठ लावून बसलेले दिसतील. या चौकोनाचा लहान कर्ण २ सेंमी, मोठा त्याच्या √३ पट, म्हणजे सुमारे ३.५. झडपांची अदलाबदल म्हणजे कर्णांची अदलाबदल. उभ्या दिशेला २ होते तिथे ३.५ झाले, आडव्या दिशेला ३.५ होते तिथे २ उरले. म्हणजे लांबी फुकट मिळत नाही, ती बाजूच्या सैल कातडीकडून उसनी घेतलेली असते. कोन ४५ अंशांचा केला तर वाढ मूळ लांबीच्या निम्मी, ३० अंशांचा केला तर पावपट. फार निमुळत्या झडपेच्या टोकाला रक्त पोचत नाही, ती काळी पडते. ६०च्या फार पुढे गेलं तर बाजूची कातडी पुरत नाही. हे गणित कागदावरचं. जिवंत कातडीत वाढ थोडी कमीच मिळते. पट्टी लांब असेल तर एका मोठ्या झेडऐवजी ओळीनं लहान लहान झेड घालतात.

शिवाय मधली रेघ या खटाटोपात ९० अंशांत फिरते. सांध्यावर उभी असलेली रेघ आडवी होऊन घडीत जाते. कातडीला अशा ताणाच्या दिशा असतात हे व्हिएन्नाच्या लँगर या शरीररचनाशास्त्रज्ञानं १८६१मध्ये प्रेतांच्या कातडीला गोल टोच्यानं भोकं पाडून दाखवलं होतं: भोक गोल, पण उघडतं लांबट.

बाजूला सैल कातडीच नसेल, गळाभर किंवा छातीभर भाजलं असेल, तर त्वचारोपण करावं लागतं. मांडीवरून घेतलेला पातळ थर सहज रुजतो, पण नंतर जास्त आखडतो; पूर्ण जाडीचा तुकडा कमी आखडतो, पण रुजायला नखरे करतो आणि मोठा मिळत नाही. कान टोचल्यावर पाळीला येणारी आणि मूळ जखमेबाहेर पसरणारी गाठ, म्हणजे कीलॉइड, हा वेगळाच प्रकार. तो नुसता कापला तर बऱ्याचदा पहिल्याहून मोठा होऊन येतो, त्यामुळे आधी स्टेरॉइडची इंजेक्शनं.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांना एक गोष्ट आधीच कळायला हवी. हाडं वाढतात, व्रण त्या वेगानं वाढत नाही. सातव्या वर्षी सुटलेला कोपर बाराव्या वर्षी पुन्हा ओढला जाऊ शकतो आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. तो आधीच्या डॉक्टरचा दोष नव्हे. रोपणानंतर रात्री बांधायची स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारा आधार, आणि रोजचा व्यायाम मात्र महिनोन्‌महिने टाळता येत नाही. मूल रडतं म्हणून दोन आठवड्यांत स्प्लिंट कपाटात गेली, की त्या आखडणाऱ्या पेशींना मोकळं रान मिळतं.