पाळी जाण्याच्या वाटेवर एचआरटीचा डोस कसा बसवतात

पाळी एका वर्षात संपत नाही. संपण्याआधी ती काही वर्षं लहरी होते: कधी २२ दिवसांनी येते, कधी ५० दिवसांनी. मध्येच पंधरा दिवस अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने कपडे बदलावे लागतात आणि एके दिवशी सगळं आपोआप शांत होतं. हा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने कोरडे गेले की मग रजोनिवृत्ती झाली असं म्हणायचं.

हार्मोन उपचार, म्हणजे एचआरटी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही स्त्री-हार्मोन्स बाहेरून देणं), या काळात बसवणं रजोनिवृत्तीनंतरच्यापेक्षा अवघड असतं. नंतर अंडाशयाचं इस्ट्रोजेन जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे बाहेरून द्याल तेवढंच शरीरात असतं. आता मात्र अवस्था बेभरवशाच्या नळासारखी असते. एखाद्या आठवड्यात अंडाशय तरुणपणापेक्षाही जास्त इस्ट्रोजेन सोडतं, पुढच्या आठवड्यात ठणठणाट. आपण टाकीत रोज ठरावीक पाणी ओततो, पण नळ कधी येईल हे कोणालाच माहीत नसतं.

म्हणूनच या वयात रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासून डोस ठरवण्यात फारसा अर्थ नाही. आज ४० आलेला आकडा पुढच्या महिन्यात ८ येऊ शकतो, आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात. पंचेचाळिशीनंतर पेरिमेनोपॉजचं निदान लक्षणं आणि पाळीच्या इतिहासावरून होतं. लॅबच्या कागदापेक्षा कॅलेंडर जास्त सांगतं. वाफा दिवसातून किती, झोप किती वेळा मोडली, रक्तस्राव कोणत्या तारखांना आणि किती, स्तन दुखरे कधी झाले, एवढं दोन-तीन महिने लिहून ठेवलं तर डॉक्टरांना डोस ठरवायला खरा आधार मिळतो.

या वहीतून एक गोष्ट बऱ्याचदा समोर येते. आधी तुटवडा पडतो तो प्रोजेस्टेरॉनचा, इस्ट्रोजेनचा नव्हे. काही महिने बीज बाहेरच पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं आणि मग पाळी गाठी पडत, धो धो येते. अशा वेळी वरून इस्ट्रोजेन वाढवणं म्हणजे आगीत तेल. आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा नमुना, रक्तक्षय आहे का ते पाहणं, आणि बहुधा प्रोजेस्टेरॉनची बाजू सावरणं हा क्रम बरोबर.

आता इस्ट्रोजेनचे आकडे. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण गोळी, जेल आणि पॅच यांवरचे आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पॅचवर, म्हणजे त्वचेला चिकटवायच्या औषधी पट्टीवर, ५० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, ते २४ तासांत त्वचेतून आत जाणारं प्रमाण. जेलवरचा आकडा त्वचेवर लावलेल्या औषधाचा. त्यातला थोडाच भाग आत जातो. गोळीचा आकडा गिळलेल्याचा, आणि त्यातला मोठा हिस्सा आतडं आणि यकृत एस्ट्रोन नावाच्या सौम्य रूपात बदलून टाकतात. म्हणून एस्ट्राडिऑलची (अंडाशय सोडतं ते मुख्य इस्ट्रोजेन) २ मिलिग्रॅमची गोळी, १.५ मिलिग्रॅम एस्ट्राडिऑल असलेलं जेल आणि ५० मायक्रोग्रॅमचा पॅच हे ढोबळमानाने एकाच पायरीवर बसतात. ही मधली पायरी. १ मिलिग्रॅमची गोळी, ०.७५ मिलिग्रॅम जेल किंवा २५ मायक्रोग्रॅमचा पॅच ही खालची.

जेल घेताना टक्केवारी वाचावी. ०.०६ टक्के जेलच्या २.५ ग्रॅममध्ये १.५ मिलिग्रॅम एस्ट्राडिऑल असतं. पंपाची बाटली असेल तर एका दाबात सहसा १.२५ ग्रॅम जेल, म्हणजे ०.७५ मिलिग्रॅम. पण बाजारात ०.१ टक्क्याचं जेलही असतं. त्यात १ ग्रॅमला १ मिलिग्रॅम. जेलचे ग्रॅम आणि हार्मोनचे मिलिग्रॅम एकच समजले की डोस कुठल्या कुठे जातो.

सुरुवात सहसा खालच्या पायरीवरून करतात, कारण स्वतःचा नळ अजून अधूनमधून चालू असतो. वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी होऊ लागतात, पण पूर्ण परिणाम दिसायला तीन महिने लागू शकतात. दर पंधरा दिवसांनी डोस हलवणारीला शेवटी कळत नाही की फरक औषधाने पडला की अंडाशयाच्या लहरीने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिला आठ ते बारा आठवडे द्यायचे.

डोस वाढवण्याआधी औषध आत जातंय का, हे पाहावं. जेल आंघोळीनंतर, कोरड्या त्वचेवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचं. स्तनांना कधीच नाही. चोळत बसायची गरज नाही, पाचेक मिनिटांत वाळतं. त्यानंतर निदान तासभर पाणी, तेल, सनस्क्रीन तिथे लावू नये. हात लगेच धुवावेत, आणि लावलेला भाग लहान मुलांच्या अंगाला लागू देऊ नये. पॅच कमरेखाली, नितंबावर लावतात. अंगाला खोबरेल लावलेलं असेल तर तो टिकत नाही. कोकणातल्या घामात तर कडा सुटतातच. नवा पॅच लावायच्या आदल्या दिवशी वाफा परत येत असतील, तर बहुधा पॅच नीट चिकटत नाहीये किंवा बदलायला उशीर होतोय.

एवढं करूनही आराम नसेल तर रक्तातलं एस्ट्राडिऑल मोजण्याला थोडा अर्थ उरतो, तोही त्वचेतून औषध घेणाऱ्यांमध्ये. जेल लावलेल्या दंडातून रक्त घेऊ नये, आकडा खोटा फुगतो. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबला सांगावं, काही चाचण्या त्याने चुकतात.

ज्यांचं गर्भाशय शाबूत आहे त्यांना इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, यात तडजोड नाही. अमेरिकेतल्या 'पेपी' नावाच्या औषध-चाचणीत तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या, गर्भाशय असलेल्या ६२ टक्के स्त्रियांच्या अस्तरात अवाजवी वाढ दिसली. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत ती सुमारे २ टक्के होती. पेरिमेनोपॉजमध्ये प्रोजेस्टेरॉन आलटून पालटून देतात: मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम, महिन्यातून १२ ते १४ रात्री. पाळीच्या तारखांचा नेम नसेल तर इंग्रजी महिन्याच्या १ ते १२ तारखा धरणं सोपं पडतं. ते संपताना किंवा संपल्यावर रक्तस्राव होतो, तो अपेक्षित आहे. कॅप्सूल झोपताना घ्यायची, जेवणानंतर लगेच नको: भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते आणि सकाळपर्यंत गुंगी राहते.

इस्ट्रोजेन वाढवून प्रोजेस्टेरॉन तसंच ठेवणं ही नेहमीची चूक. ५० मायक्रोग्रॅमच्या पायरीला पुरणारा डोस १०० च्या, म्हणजे वरच्या, पायरीला पुरेलच असं नाही. तिथे ब्रिटनमधले तज्ज्ञ महिन्यातल्या बारा रात्री ३०० मिलिग्रॅमपर्यंत नेण्याचा विचार करायला सांगतात. 'नैसर्गिक' म्हणून विकली जाणारी प्रोजेस्टेरॉनची क्रीमं अस्तराचं रक्षण करतील असं धरून चालू नये. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) गर्भाशयात बसवायची साधनं मात्र ते करतात, शिवाय जड पाळी आटोक्यात आणतात आणि गर्भनिरोधनही होतं. साधी तांबी अस्तराचं रक्षण करत नाही. एचआरटी स्वतः गर्भनिरोधक नाही, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी 'दिवस गेलेत' कळल्यावर उमगण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन चालतं.  कमी वयात अंडाशयंही गेली असतील तर हिशेब पूर्ण वेगळा असतो: तिथे कमी डोस नव्हे, बऱ्याचदा वरची पायरी लागते आणि पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत ती चालू ठेवावी लागते.

इस्ट्रोजेनचा डोस जास्त झाला की स्तन ठणकतात, पोट फुगतं, मळमळतं, रक्तस्राव वाढतो. उदासी आणि सुस्ती नेमकी प्रोजेस्टेरॉनच्या रात्रींपुरती असेल तर इस्ट्रोजेनला दोष देऊ नये. प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलून पाहता येतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडणं चालतं. त्यापुढेही सुरू राहिलं तर तपासणी, डोसशी खेळ नाही.

इतर औषधंही गणित हलवतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केलं तर थायरॉक्सिनची गरज वाढू शकते, म्हणून साधारण सहा ते बारा आठवड्यांत टीएसएच पुन्हा बघतात. त्वचेतून घेतल्यास सहसा हा प्रश्न येत नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन इस्ट्रोजेन लवकर संपवतात. रक्तात गुठळी होण्याची भीती असेल किंवा ऑरासह मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमक वगैरे दिसणं) असेल तर त्वचेचा मार्ग पसंत करतात. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, यकृताचा चालू आजार असेल किंवा योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल, तर डोसचा विचार करण्याआधी तिथेच थांबायचं.

२००२ मध्ये ज्या अमेरिकी औषध-चाचणीने एचआरटीमुळे स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढतो अशी सगळीकडे धास्ती पसरवली, तिच्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध मिळालेल्या सगळ्यांना एकच ठरावीक गोळी होती: ०.६२५ मिलिग्रॅम कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन आणि २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. सत्तेचाळिशीतल्या, जेल लावणाऱ्या स्त्रीचा धोका त्या आकड्यांवरून जसाच्या तसा काढता येत नाही. धोका शून्य आहे असंही नाही; वय, वजन, घराण्यातला इतिहास पाहून तो मांडावा लागतो.

महिन्याचा रक्तस्राव नको म्हणून अनेकींना रोज प्रोजेस्टेरॉनची, म्हणजे दर रात्री १०० मिलिग्रॅमची, पद्धत लवकर हवी असते. अंडाशय अजून जागं असताना ती सुरू केली की कधीही, कितीही डाग पडत राहतात. साधारण वर्षभर आलटून पालटून पद्धत चालवून मग बदल करतात. तरीही डाग थांबले नाहीत आणि तपासणीत काही सापडलं नाही, तर घाई झाली होती असं समजून काही महिन्यांसाठी जुन्या पद्धतीवर परत यायचं.