‘डिजिटल’ पाटीमागचा थर

बीड, जालना, परभणीकडे तालुक्याच्या गावीही एक्स-रे सेंटरच्या पाटीवर ‘डिजिटल’ हा शब्द आता हमखास दिसतो. आत नेमका कोणता पदार्थ आहे ते पाटी सांगत नाही. या एका शब्दाखाली किमान तीन पदार्थ खपतात आणि त्यातला एक तर सिंटिलेटरच (एक्स-रे पडताच चमकणारा पदार्थ) नाही.

१८९६ पासून पाऊणशे वर्षं फिल्मच्या कॅसेटमधली, एक्स-रेचा उजेड करून फिल्मवर पाडणारी स्क्रीन म्हणजे कॅल्शियम टंगस्टेटचा थर. उजेड निळा, फिल्मही निळ्यालाच दाद देणारी. १९७० च्या दशकात टर्बियम घातलेलं गॅडोलिनियम ऑक्सिसल्फाइड, म्हणजे गॉस, आलं. टंगस्टेट शोषलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम ५ टक्क्यांचा उजेड करतं, गॉस १५ टक्क्यांच्या वर. एमएएस (ट्यूबमधला करंट गुणिले वेळ, म्हणजे एक्स-रेची मात्रा) निम्म्यावर आणता आला. पण गॉसचा उजेड हिरवा, ५४५ नॅनोमीटरचा. जुनी निळी फिल्म तशीच राहिली की फोटो फिका येई, मग एमएएस पुन्हा वाढे आणि फायदा पाण्यात. हिरवी फिल्म आणली तर डार्करूममधला पिवळा दिवा आडवा येई. त्याखाली ती फिल्म धुरकटते, तिला गडद लाल फिल्टर लागतो. बदलायचा दिवा, बोल लागे स्क्रीनला.

१९८० च्या दशकातल्या सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) पद्धतीत फिल्मऐवजी कॅसेटमध्ये बसणाऱ्या प्लेटवर बेरियम फ्लोरोब्रोमाइड असतं. ते ऊर्जा अडकवून ठेवतं आणि रीडरमधला लाल लेसर फिरला की निळा उजेड सोडतं. सिंटिलेटर त्याच क्षणी चमकतो, हे थांबून चमकतं. म्हणून कॅसेट वाचायची राहिली तर आठ तासांत सुमारे पाव सिग्नल गळतो, आणि दोन-तीन दिवस पडून असलेली प्लेट आधी इरेज करावी लागते. तरी पाटीवर डिजिटलच!

डीआर म्हणजे कॅसेट न वाचता पॅनेलवरूनच फोटो संगणकावर देणारी पद्धत. तिच्यातल्या ‘डी’चा अर्थ कोणी डायरेक्ट लावतं, कोणी डिजिटल. खरं डायरेक्ट पॅनेल अमॉर्फस सेलेनियमचं. त्यात उजेडाचा टप्पाच नाही आणि ते मुख्यतः मॅमोग्राफीत दिसतं. आपल्याकडे येतं ते इनडायरेक्ट: गॉस किंवा थॅलियम घातलेलं सीझियम आयोडाइड, खाली उजेडाचा विद्युत सिग्नल करणारे सिलिकॉनचे फोटोडायोड. गॉस म्हणजे भुकटी, उजेड आडवा पसरतो. थर जाड केला तर कडा पुसट होतात. सीझियम आयोडाइडच्या काही मायक्रॉन जाडीच्या उभ्या सुया उजेड सरळ खाली नेतात, म्हणून थर अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी चालतो. त्याचा ५५० नॅनोमीटरचा उजेड सिलिकॉनला मानवतोही. ते महाग आहे, पण लहान मुलांचे छातीचे फोटो जास्त असतील तर कमी डोससाठी तेच घ्यावं. गॉस स्वस्त आणि दणकट, गाडीतून फिरवायला बरं.

मे महिन्यात लाइट जाऊन एसी बंद पडला की फोटोडायोडचा डार्क करंट (उजेड नसतानाही वाहणारा प्रवाह) चढतो आणि फोटोवर पट्टे उमटतात. अशा वेळी थर खराब झाला असं समजू नये. खोली थंड करावी, पॅनेल अर्धा तास चालू ठेवावं आणि ऑफसेट कॅलिब्रेशन (एक्स-रे नसतानाचा सिग्नल मोजून तो वजा करणं) पुन्हा घ्यावं. पावसाळ्यात कडेचा डाग दिवसेंदिवस आत सरकत असेल तर गोष्ट वेगळी: सील गेलेलं असू शकतं, आणि सीझियम आयोडाइडला ओल लागली की सुया पूर्ववत होत नाहीत.