जुना छोटा ट्रॅक्टर का तापतो: पार्श्वभूमी

जुना छोटा ट्रॅक्टर गरम व्हायला लागला की संशय सगळ्यात आधी वॉटर पंपावर जातो. या वर्गातल्या काही ट्रॅक्टरांना मात्र वॉटर पंप मुळातच नसतो. पंखा असतो, पट्टा असतो, वर-खाली दोन होस पाइप असतात आणि पाणी आपलं आपण फिरतं. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक अर्धा दिवस नसलेला पंप शोधण्यात घालवू शकतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी समोरचं इंजिन थंड करण्याच्या कोणत्या पिढीतलं आहे, ते ओळखावं लागतं.

सगळ्यात जुनी पद्धत उघड्या टाकीची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला शेतावर चालणाऱ्या बैठ्या इंजिनांत सिलिंडरभोवती पाण्याचा हौद असे आणि ते पाणी सरळ उकळू दिलं जाई. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, पण त्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल. म्हणजे उकळणं हा बिघाड नव्हता, तीच कूलिंगची पद्धत होती. माणसाचं काम एकच, हौदात पाणी ओतत राहणं. शेतात फिरणाऱ्या यंत्राला एवढं पाणी वाहून नेणं परवडणारं नव्हतं.

मोटारींच्या बाजूने उत्तर दिलं जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी. १९०१ च्या मर्सिडीज ३५ अश्वशक्ती गाडीसाठी त्यांनी ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० बारीक नळ्या एकत्र जोडून रेडिएटर बनवला. थोडं पाणी, हवेशी भिडणारा भरपूर पृष्ठभाग आणि मागे पंखा, हे गणित तिथे पक्कं झालं. ट्रॅक्टरवाल्यांची अडचण वेगळी होती. त्या काळी रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांना फार थंड राहून चालत नसे, कारण इंधनाची वाफ नीट होत नसे. रुमेली कंपनीच्या ऑइलपुल ट्रॅक्टरांनी १९१० पासून कूलिंगसाठी पाण्याऐवजी चक्क तेल वापरलं. तेल १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. त्या ट्रॅक्टरांच्या नाकावरचा चौकोनी मनोरा म्हणजे त्यांचा रेडिएटर. इंजिनाचा धूर त्यातून वर सोडून हवेची ओढ तयार केली जाई. मला ही कल्पना आजही धाडसी वाटते.

पण टिकली ती थर्मोसायफनची पद्धत. तापलेलं पाणी हलकं होतं, इंजिनातून वरच्या टाकीत चढतं, रेडिएटरमध्ये निवून जड होतं आणि खालच्या पाइपने इंजिनात परत येतं. १९१७ चा फोर्डसन असाच चालायचा. १९४७ साली आलेला फार्मऑल कब हा छोटा ट्रॅक्टरही पंपाविना होता. पुढे जपानी कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर आले, त्यांपैकी यानमारच्या वायएम २००० सारख्या मॉडेलांतही हीच पद्धत होती. पंप नाही, म्हणजे त्याचं सील नाही, बेअरिंग नाही, गळतीची एक जागा कमी.

या पद्धतीच्या अटी मात्र कडक आहेत. पाण्याची पातळी वरच्या पाइपच्या तोंडाखाली गेली की फिरणं तिथेच थांबतं. पंप असलेलं इंजिन थोडं पाणी कमी असलं तरी काही वेळ तग धरतं, हे धरत नाही. पाणी ढकलणारा जोर अगदी थोडा असल्याने क्षारांचा पातळ थरही जड जातो. आणखी एक गोष्ट फसवते. इथे वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा त्या मानाने बराच थंड, हा फरक नेहमीचाच असतो. पंपाच्या इंजिनाची सवय असलेला माणूस तो पाहून ‘रेडिएटर चोक झालाय’ असा निकाल देतो.

पंप आले, पाणी वेगाने फिरू लागलं, तसं इंजिन गरजेपेक्षा थंड राहू लागलं. त्यावर थर्मोस्टॅट आला, म्हणजे इंजिन पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. सुरुवातीचे थर्मोस्टॅट धातूच्या घडीदार फुग्याचे होते, आणि कूलिंग दाबाखाली आल्यावर तो दाब त्यांच्या उघडझापीत लुडबुड करू लागला. सर्गियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात मेणाचा थर्मोस्टॅट काढला. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं, दाबाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. या बदलाचा एक परिणाम आजच्या दुरुस्तीवरही आहे. फुग्याचा थर्मोस्टॅट फुटला की सहसा उघडा राही. मेणाचा बिघडला की बहुतेकदा बंद राहतो आणि इंजिन तापतं. मग तो काढून फेकण्याचा सल्ला मिळतो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणारी, वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुटमळतो. शिवाय थंड चालणारं डिझेल इंजिन काजळी धरतं आणि लवकर झिजतं. त्यापेक्षा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून बघावा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला तर तो निर्दोष.

रेडिएटरचं दाबाचं झाकणही याच प्रवासातलं. दर चौरस इंचावरच्या प्रत्येक पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंश सेल्सिअसने वर जातो, त्यामुळे १३ पौंडांच्या झाकणाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की ही सगळी सवलत जाते. ट्रॅक्टर पाणी फेकायला लागतो आणि दोष इंजिनाच्या माथी येतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात रुळलं. त्याआधीचं अल्कोहोल उडून जायचं. ग्लायकॉलने गोठणं आणि उकळणं दोन्ही लांबवलं, पण उष्णता वाहून नेण्यात ते पाण्यापेक्षा उणं आहे. म्हणून निव्वळ कूलंट भरू नये, निम्मं पाणी हवंच.

कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर या वर्गाची जडणघडण मुख्यतः जपानची. कुबोटाचा टी १५ १९६० साली आला, १९६९ मध्ये एल २०० अमेरिकेत विकायला गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन डिअरनेही आपले ८५० आणि ९५० यानमारकडून बनवून घेतले. या यंत्रांची मूळ जागा म्हणजे छोटी, ओली भातखाचरं. नव्या मालकांनी त्यांना गवत कापायला जुंपलं: इंजिन तासन्‌तास पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) पूर्ण वेगावर आणि समोर सुक्या गवताचा भुसा. त्या काळच्या छोट्या डिझेलांत इंधन बहुधा वेगळ्या पूर्वकक्षात फवारलं जाई. त्यामुळे इंजिनाचा आवाज कमी होतो, पण पाण्यात जास्त उष्णता उतरते. रेडिएटरवर आधीच भार होता, त्यात भुसा त्याच्या पाकळ्यांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, अडकला. माझ्या मते या ट्रॅक्टरांच्या तापण्याचं मूळ कारण इथेच आहे, कुठल्याही एका सुट्या भागात नाही.

म्हणून तपासाला सुरुवात हवेपासून करावी. समोरची जाळी स्वच्छ दिसली म्हणून समाधान मानू नये. ऑइल कूलर पुढे असेल तर भुसा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत नमद्यासारखा बसलेला असतो. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला मारावं, उलटं मारलं तर कचरा आणखी आत रुततो. पंख्याभोवतीचं कडं जुन्या ट्रॅक्टरवर अनेकदा हरवलेलं असतं. ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घोळवत बसतो. कुणी मोटारीचा रेडिएटर बसवला असेल तर त्याच्या दाट पाकळ्या लवकर बुजणारच.

मग तापमानाचा काटा खरं बोलतोय का ते बघावं. १९१२ च्या बॉयस मोटोमीटरला, म्हणजे रेडिएटरच्या झाकणावरच्या थर्मामीटरला, झाकणातून वाफेचं तापमान दिसायचं. आताचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, पण पाणी कमी होऊन तो उघडा पडला की काटा खाली येतो आणि इंजिन भाजत राहतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने वरची टाकी आणि रेडिएटरची जाळी ठिकठिकाणी मोजली की मधले थंड पट्टे कळतात. ते म्हणजे आतून बुजलेल्या नळ्या. सायट्रिक ॲसिडने क्षार बरेच सुटतात. मात्र गळती थांबवणारी पूड आधी टाकलेली असेल तर रेडिएटर उघडून साफ करण्यावाचून इलाज नाही.

हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा) नंबर शेवटी, तरी वगळू नये. थंड इंजिनाचं झाकण काढून इंजिन सुरू करावं. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा झाकण लावल्यावर पाणी तापायच्या आतच वरचा होस टणक होत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. धुराची परीक्षा करणाऱ्या निळ्या द्रवाचा रंग बदलला की खात्री होते. गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का आणि व्हॉल्व्हच्या मधे भेग आहे का, हे बघून घ्यावं. थर्मोसायफनच्या ट्रॅक्टरला नंतर पंप बसवायची किटं मिळतात. उताराचं किंवा गवत कापण्याचं काम सतत असेल तर ती उपयोगी पडतात, पण बुजलेल्या रेडिएटरवर पंप बसवून भागत नाही.